सममितीचा पाठ आणि तलावाकाठचे प्राणी : दहावीच्या 'प्राण्यांचे वर्गीकरण' या प्रकरणाची चिकित्सा

बीजशब्द : सममिती, अपृष्ठवंशीय प्राणी, पारिभाषिक संज्ञा, विज्ञान पाठ्यपुस्तक, कोराडी

प्रस्तावना

नागपूरच्या उत्तरेस, कामठी तालुक्यात वसलेले कोराडी हे गाव महाराष्ट्राला दोन गोष्टींमुळे परिचित आहे. एक म्हणजे श्री महालक्ष्मी जगदंबेचे देवस्थान आणि दुसरी म्हणजे १९७४ साली पहिला संच कार्यान्वित झालेले औष्णिक विद्युत केंद्र. या दोहोंच्या सान्निध्यात असलेला तलाव मात्र बहुधा पार्श्वभूमी म्हणूनच पाहिला जातो. या परिसरातील विद्यार्थी दहावीत प्राण्यांच्या शरीराची सममिती शिकतो. तारामासा आणि जेलीफिश यांच्या आकृत्या तो वहीत काढतो, 'अरीय' आणि 'द्विपार्श्व' यांतील फरक लिहितो आणि गुण मिळवतो. ज्या समुद्रात हे प्राणी राहतात तो कोराडीपासून शेकडो किलोमीटर दूर आहे. सममितीचा तोच धडा ज्यांच्या आधारे प्रत्यक्ष शिकता यावा असे प्राणी विदर्भातील तळ्यांत आणि शेतांत राहतात. पाठ्यपुस्तक मात्र विद्यार्थ्याला त्यांच्याकडे नेत नाही.

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळाच्या, म्हणजेच बालभारतीच्या, इयत्ता दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' या २०१८ पासून लागू झालेल्या पुस्तकात 'प्राण्यांचे वर्गीकरण' हे प्रकरण आहे. एक शास्त्रीय गद्यलेखन या नात्याने त्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. सममिती हा सजीवाच्या जगण्याशी निगडित असा गुणधर्म असताना या प्रकरणात ती केवळ आकृतीचा गुणधर्म ठरते. त्यामुळे व्याख्या अचूक असूनही संकल्पना अपुरी राहते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

प्रकरणाची मांडणी व तिचे गुण

प्रथम या प्रकरणाच्या जमेच्या बाजू नोंदवणे न्याय्य ठरेल. प्राणिसंघांची नावे एकामागून एक देऊन पाठांतराचे ओझे टाकण्याऐवजी लेखकमंडळाने आधी वर्गीकरणाचे निकष दिले आहेत. शरीराची संघटना, सममिती, आद्यस्तर, देहगुहा आणि खंडीभवन हे निकष क्रमाने समजावून मग दहा संघांचा परिचय करून दिला आहे. हा क्रम शास्त्राच्या विचारपद्धतीला धरून आहे. कोणता प्राणी कोणत्या संघात मोडतो हे सांगण्यापूर्वी तो कोणत्या कसोटीवर मोडतो हे सांगणे, ही चांगल्या अध्यापनाची खूण होय.

संघांच्या मराठी नावांतही विचार दिसतो. रंध्रीय, वलयी, संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी ही नावे त्या त्या प्राण्याचे एकेक ठळक लक्षण सांगतात. १९७६ साली ज्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला त्या मराठी विश्वकोशात 'आर्थ्रोपोडा', 'ॲनेलिडा' अशा लिप्यंतरित नावांखाली नोंदी आढळतात. विश्वकोशाला आंतरराष्ट्रीय संज्ञेशी असलेला दुवा टिकवायचा होता, तर पाठ्यपुस्तकाला अर्थ पोहोचवायचा आहे. दोन्ही धोरणे आपापल्या जागी समर्थनीय आहेत. प्रकरणाने दोन्ही नावे शेजारी ठेवून मधला मार्ग स्वीकारला, हे योग्यच झाले.

तेव्हा येथील आक्षेप प्रकरणाच्या रचनेवर नाही. निकष सांगितल्यानंतर त्या निकषामागचे कारण जेथे सांगायला हवे होते तेथे लेखन थांबते, हा आक्षेप आहे.

संज्ञा : अर्थवाही, पण न उकललेल्या

'सममिती' या शब्दात 'मिती' आहे, म्हणजे माप. 'अरीय' हा शब्द 'अर' यापासून आला आहे. बैलगाडीच्या चाकातील 'आरे' ते हेच. तुंब्यापासून धावेपर्यंत चहूबाजूंनी सारख्या अंतरावर गेलेले आरे ज्याने पाहिले आहेत, त्याला अरीय सममिती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मध्यबिंदूतून जाणाऱ्या एकाहून अधिक प्रतलांनी शरीराचे समान भाग होणे, ही व्याख्या त्या चाकातच दडलेली आहे. बैलगाडी कमी झाली असली तरी सायकलचे चाक प्रत्येक शाळेच्या आवारात उभे असते. परिभाषा घडवणाऱ्यांनी जिवंत शब्दातून संज्ञा घेतली, परंतु पाठ्यपुस्तकाने ती पुन्हा त्या जिवंत शब्दाशी जोडली नाही. परिणामी विद्यार्थ्याच्या दृष्टीने 'अरीय' हा एक अनोळखी संस्कृत शब्द उरतो.

'द्विपार्श्व' या संज्ञेचेही तसेच आहे. पार्श्व म्हणजे बाजू किंवा कूस. ज्याला डावी आणि उजवी कूस आहे, त्याला पाठ आणि पोट, तसेच पुढचे आणि मागचे टोक असणे ओघानेच आले. म्हणजे द्विपार्श्व सममिती ही केवळ दोन समान अर्ध्या भागांची गोष्ट नव्हे. शरीराला दिशा असण्याची ती गोष्ट आहे. व्याख्येत 'काल्पनिक प्रतल' येते, दिशा मात्र येत नाही. कागदावर काढलेल्या पानाला, पतंगाला किंवा खुर्चीलाही ती व्याख्या लागू पडते. प्राण्याला ती का लागू पडावी, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

नकारात्मक संज्ञांचा प्रश्न याहून खोल आहे. 'अपृष्ठवंशीय' हा शब्द नसलेल्या गोष्टीवरून केलेले नामकरण आहे. ही कल्पना मराठीची नाही. लामार्कने १८०१ साली 'पाठीचा कणा नसलेले प्राणी' असा गट मांडला, तेव्हापासून ती चालत आली आहे. लामार्कचे ऋण मोठे आहे, कारण त्याने या दुर्लक्षित प्राण्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. परंतु ज्ञात प्राणिजातींपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जाती ज्या नावाखाली येतात, ते नाव उरलेल्या अल्पसंख्य प्राण्यांच्या कण्यावरून ठरावे, ही विसंगती विद्यार्थ्यासमोर मांडायला हवी. वर्गीकरण माणसाने केलेले असते आणि त्यात माणसाची नजर उतरते, हे शिकवण्याची ही उत्तम संधी होती. 'तारामासा' या नावातही तोच प्रकार आहे. तो मासा नाही, हे एका वाक्यात सांगितले असते तर इंग्रजी नावातली चूक मराठीने जशीच्या तशी उचलली आहे हे विद्यार्थ्याच्या ध्यानी आले असते.

उदाहरणांची निवड

असममित शरीराची उदाहरणे देताना प्रकरणात अमीबा व पॅरामेशियम यांचा उल्लेख येतो. हे दोन्ही एकपेशीय सजीव आहेत. रॉबर्ट व्हिटाकर यांच्या १९६९ च्या पंचसृष्टी पद्धतीत त्यांचे स्थान प्रोटिस्टा सृष्टीत आहे आणि ही पद्धत याच मंडळाच्या आठवीच्या पुस्तकात शिकवली जाते. दोन वर्षांपूर्वी जे सजीव प्राणिसृष्टीबाहेर ठेवले, तेच प्राण्यांच्या सममितीची उदाहरणे म्हणून परत येतात. जाणकार शिक्षक ही विसंगती सावरून घेईल, पण विद्यार्थी दोन्ही उत्तरे पाठ करील. असममितीसाठी स्पंज हे एकच उदाहरण नीट उलगडले असते तर ते पुरेसे होते.

तारामाशाचे उदाहरण अधिक विचार करायला लावते. प्रौढ तारामाशात पाच अक्षांची अरीय सममिती दिसते, हे खरे. परंतु त्याची पाण्यात तरंगणारी डिंभावस्था द्विपार्श्व सममित असते आणि रूपांतरणानंतर त्याचे शरीर पंचअरीय होते. म्हणजे कंटकचर्मी प्राण्यांची अरीय सममिती ही जेलीफिशच्या सममितीसारखी मूळची नाही. द्विपार्श्व पूर्वजांच्या वंशात ती नंतर आलेली आहे. म्हणूनच कंटकचर्मी प्राणी वर्गीकरणात जेलीफिशच्या शेजारी न बसता पृष्ठरज्जू असलेल्या प्राण्यांच्या जवळ बसतात. प्रकरणाच्या अखेरीस संघांचा क्रम तसाच आहे. सममितीच्या परिच्छेदात मात्र जेलीफिश व तारामासा एकाच ओळीत उभे केल्यामुळे 'दिसायला सारखे म्हणजे नात्याने सारखे' असा चुकीचा समज रुजण्याची शक्यता निर्माण होते. वर्गीकरणाच्या प्रकरणात हा समज विशेष घातक आहे, कारण बाह्य सारखेपणामागील खरे नाते शोधणे हेच तर वर्गीकरणाचे काम आहे.

गोगलगाय आणि शंख

सममितीचा नियम जेथे मोडतो तेथे त्याचा अर्थ सर्वाधिक स्पष्ट होतो. पावसाळ्यात बांधावर दिसणारी गोगलगाय याचे उत्तम उदाहरण होय. तिचे डोके, शृंगिका आणि पाय पाहिले तर डावी-उजवी बाजू समान दिसते. शंखातील आंतरांगांचा भाग मात्र पीळ घेतलेला असतो. गोगलगाईंच्या वर्गात डिंभावस्थेत आंतरांगे सुमारे १८० अंशांत फिरतात. त्यामुळे मागे असायला हवे ते गुदद्वार पुढे, डोक्याच्या बाजूस येते. शंखाची गुंडाळी ही त्याहून वेगळी प्रक्रिया आहे. एकाच शरीरात सममिती आणि असममिती शेजारी नांदतात, हे हातात घेता येणाऱ्या प्राण्यावरून समजते.

शंखाची गुंडाळी उजवीकडे होणार की डावीकडे, हे आनुवंशिकतेने ठरते. लिम्निया या गोड्या पाण्यातील गोगलगाईवर १९२३ मध्ये झालेल्या कार्यातून असे दिसले की संततीच्या गुंडाळीची दिशा तिच्या स्वतःच्या जनुकांवरून ठरत नाही. ती मातेच्या जनुकांवरून ठरते. या दिशेमागील जनुक नेमके कोणते, याची खात्री क्रिस्पर तंत्राच्या साहाय्याने २०१९ साली झाली. सममितीचा धडा असा थेट आजच्या जीवशास्त्राच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतो.

मराठी विद्यार्थ्याला याहूनही जवळचे उदाहरण देव्हाऱ्यात सापडेल. पूजेतील शंख हे टर्बिनेला पायरम या सागरी मृदुकाय प्राण्याचे कवच आहे. त्यांपैकी दुर्मीळ असा 'दक्षिणावर्ती' शंख परंपरेत अत्यंत शुभ मानला जातो. प्राणिशास्त्रात मात्र याच शंखाला डाव्या गुंडाळीचा, म्हणजे वामावर्ती म्हणतात. वरवर पाहता यांपैकी एक बाजू चुकली आहे असे वाटते. वस्तुतः कोणीच चुकलेले नाही. प्राणिशास्त्रज्ञ शंखाचे टोकदार शिखर वर धरून त्याचे मुख कोणत्या बाजूस येते ते पाहतो. परंपरेत शिखर खाली आणि निमुळती पन्हळ वर असा शंख धरला जातो. वस्तू उलटी धरली की मुख दुसऱ्या बाजूस जाते, गुंडाळी मात्र बदलत नाही. डावे आणि उजवे हे शब्द पाहणाऱ्याने ठरवलेल्या दिशेवर अवलंबून असतात आणि शास्त्रात ती दिशा आधी जाहीर करावी लागते, हा महत्त्वाचा धडा घरातील एका शंखावरून देता येतो. असे उदाहरण पाठ्यपुस्तकात आले असते तर शास्त्र आणि परंपरा यांना परस्परांसमोर उभे न करताही शास्त्राची शिस्त शिकवता आली असती.

कोराडीच्या काठावरून

रंध्रीय संघाविषयी लिहिताना त्यांपैकी बहुतेक प्राणी समुद्रात व काही गोड्या पाण्यात राहतात, असे प्रकरणात नमूद आहे. पण उदाहरणांसाठी दिलेली प्रमुख नावे सागरी स्पंजांची आहेत. 'काही गोड्या पाण्यात' या शब्दांमागे महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास आहे. हेन्री जॉन कार्टर या वैद्यकीय अधिकाऱ्याने १८४० च्या दशकात मुंबई बेटावरील तळ्यांतील स्पंजांचा अभ्यास केला आणि १८४९ साली त्यांच्या अनेक जातींची वर्णने प्रसिद्ध केली. पुढे नेल्सन ॲनन्डेल यांनी 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेतील १९११ च्या खंडात भारतातील गोड्या पाण्यातील स्पंज व हायड्रासदृश प्राण्यांची एकत्रित नोंद केली. दगडावर, बुडालेल्या फांदीवर किंवा पाण्यातील भिंतीवर पसरलेला हा खडबडीत, कधी हिरवट थर शेवाळ समजून सोडून दिला जातो. उन्हाळ्यात पाणी आटले की तो मरतो. परंतु जेम्यूल नावाच्या टणक आवरणाच्या सूक्ष्म गोळ्या मागे ठेवतो आणि पाणी आल्यावर त्यांतून पुन्हा नवा स्पंज वाढतो. ज्या आधारावर वाढायचे त्याचाच आकार तो घेतो. त्याच्या असममितीचे कारण असे त्याच्या जगण्यात सापडते.

हायड्राचे उदाहरण प्रकरणात आहे, पण तो कोठे शोधावा हे नाही. स्वच्छ, संथ पाण्यातील पाणवनस्पती काचेच्या बरणीत काही काळ स्थिर ठेवल्यास पानांना चिकटलेला हायड्रा साध्या भिंगानेही दिसू शकतो. एका जागी चिकटून राहणाऱ्या प्राण्याला अन्न कोणत्याही दिशेने मिळू शकते. सर्व बाजूंना सारखे पसरलेले शुंडक त्याच्या उपयोगाचे ठरतात. याउलट गांडूळ एका दिशेने सरकते. जे टोक पुढे जाते ते नव्या मातीला, ओलाव्याला, धोक्याला प्रथम सामोरे जाते. चेतासंस्थेची मुख्य गुच्छिका त्याच टोकाकडे असणे हे या दिशेशी सुसंगत आहे. हायड्रा आणि गांडूळ शेजारी ठेवले तर अरीय व द्विपार्श्व यांतील फरक तक्त्याशिवाय कळतो.

तथापि या स्पष्टीकरणाचाही नियम करून चालणार नाही, हे तलावातील शिंपला दाखवून देतो. भारतातील तळ्यांत सर्वत्र आढळणाऱ्या लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस या शिंपल्याचे मूळ नामकरण १८१९ साली लामार्कनेच केले. त्याची दोन कवचे ही प्राण्याची डावी व उजवी बाजू आहेत. सममितीचे प्रतल दोन कवचांच्या मधून जाते. पण या द्विपार्श्व प्राण्याला डोके नाही. चिखलात अर्धवट रुतून तो पाणी आत ओढतो आणि त्यातील सूक्ष्म कण गाळून खातो. पूर्वजांकडून आलेली सममिती टिकून राहिली, जगण्याची पद्धत मात्र बदलली. रचना, वर्तन आणि वंश या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय सममितीचा अर्थ लागत नाही, हे शिंपल्याइतके स्पष्टपणे क्वचितच दुसरा प्राणी सांगतो.

येथे प्रश्न केवळ अध्यापनाचा उरत नाही. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राख बंधाऱ्याला भगदाड पडून राखमिश्रित पाणी आसपासच्या शिवारात व जलप्रवाहांत शिरले. अशा घटनेनंतर पिकांचे, जमिनीचे व पिण्याच्या पाण्याचे नुकसान मोजले जाते आणि ते मोजायलाच हवे. परंतु जे प्राणी पाणी गाळून जगतात, त्यांची छिद्रे आणि कल्ले बारीक गाळाने प्रथम बुजतात. स्पंज आणि शिंपले हे म्हणूनच जलाशयाच्या स्थितीचे मूक साक्षीदार आहेत. घटनेपूर्वी कोणते प्राणी तेथे होते याची स्थानिक नोंदच नसेल, तर काय गेले हे नंतर सांगणार कोण? ही नोंद ठेवण्याची क्षमता असलेले मनुष्यबळ याच परिसरातील महाविद्यालयांत बसलेले आहे. त्याला शिंपला पाहण्याची सवय मात्र लागलेली नाही.

संभाव्य आक्षेप

यावर असे म्हटले जाईल की राज्यभरासाठी लिहिलेल्या पुस्तकात प्रत्येक गावचा तलाव येऊ शकत नाही. तासिका मर्यादित असतात, परीक्षेचे स्वरूप ठरलेले असते आणि शिक्षकावर अन्य कामांचा भार असतो. हे सर्व मान्य करूनही दोन गोष्टी सांगता येतात. पहिली म्हणजे गांडूळ, गोगलगाय आणि शिंपला ही कोराडीची खासगी मालमत्ता नाही. कोकणापासून गडचिरोलीपर्यंत ती उपलब्ध आहेत. सागरी उदाहरणे वगळावीत असे नव्हे, तर त्यांच्याजवळ एक परिचित प्राणी असावा, इतकीच अपेक्षा आहे. दुसरी गोष्ट महाविद्यालयांशी संबंधित आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिविच्छेदन थांबवण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ मध्ये त्याबाबत अधिसूचना काढली. हा निर्णय स्वागतार्हच होता. पण विच्छेदनाची रिकामी झालेली जागा बहुतांशी तक्ते, प्रतिकृती व संगणकीय चित्रे यांनी भरली. जिवंत प्राण्याला इजा न करता त्याचे निरीक्षण करून त्याला पुन्हा पाण्यात सोडणे हा पर्याय त्या मानाने मागे राहिला.

भाषेचा प्रश्नही येथेच येतो. मराठी माध्यमाचा विद्यार्थी दहावीपर्यंत 'अरीय सममिती' शिकतो आणि विज्ञान शाखेत अकरावीला जाताच ती संज्ञा मागे टाकून इंग्रजी संज्ञा घेतो. संज्ञेला अनुभवाचा आधार असता तर भाषा बदलूनही संकल्पना टिकली असती. आधार केवळ व्याख्येचा असल्याने ती नव्या भाषेत पुन्हा पाठ करावी लागते. पदवीच्या पहिल्या वर्षाला अपृष्ठवंशीय प्राणी शिकवणाऱ्या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांच्या ज्या कोरेपणाचा अनुभव येतो, त्याचे एक मूळ येथे आहे.

निष्कर्ष

'प्राण्यांचे वर्गीकरण' हे प्रकरण सुव्यवस्थित आहे आणि त्याची परिभाषा अर्थवाही आहे. तथापि संज्ञांची उकल न करणे, एकपेशीय सजीवांना प्राण्यांच्या उदाहरणांत ठेवणे, तारामासा व जेलीफिश यांच्या सममितीतील मूलभूत भेद न दाखवणे आणि सममितीचा जगण्याशी असलेला संबंध सोडून देणे, या चार उणिवांमुळे सममिती हा विद्यार्थ्याच्या दृष्टीने चित्रकलेचा विषय होतो. पुढील आवृत्तीत या उणिवा थोड्या शब्दांत दूर करता येतील. तोपर्यंत हे काम शिक्षकाचे व प्राध्यापकाचे आहे. वर्षातून एकदा वर्ग तलावाच्या काठावर न्यावा, बरणीभर पाणी, एक भिंग आणि एक नोंदवही सोबत असावी. त्या नोंदवहीत तारीख, जागा आणि आढळलेल्या प्राण्यांची नावे दरवर्षी लिहिली गेली, तर सममितीचा धडा शिकून होईलच. शिवाय काही वर्षांनी त्या जलाशयाचा असा एक दस्तऐवज तयार होईल, जो आज कोणाजवळही पाहायला मिळणे कठीण आहे.